पोकर आणि खेळांवरील पैजा: यावर घर चालवता येईल का?

दूरचा प्रवासी

नमस्कार. नोकरी सोडून पोकर आणि खेळांवरील पैजा हाच पूर्णवेळ व्यवसाय करावा का, हा प्रश्न गेले सहा महिने माझ्या मनात घोळतो आहे. जवळच्या माणसांना विचारले तर एक तर 'जुगार' एवढा एकच शब्द कानी पडतो, नाहीतर कुणीतरी कुठल्याशा विजेत्याची गोष्ट सांगतो. हिशेब मात्र कुणीच मांडत नाही. म्हणून इथे विचारतो आहे.

माझी स्थिती अशी आहे. सहा जणांच्या रोख टेबलावर नो-लिमिट टेक्सास होल्डेम (बोलीला मर्यादा नसलेला पोकरचा एक प्रकार) हा माझा खेळ. गेल्या चौदा महिन्यांत माझ्या नोंदीप्रमाणे ३८,००० डाव झाले आणि टेबलाचा रेक (टेबल चालवणाऱ्याचा वाटा) वजा जाता दर १०० डावांमागे सरासरी ६ बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीला सक्तीने लावायची ठरलेली रक्कम) नफा झाला. नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर १०० डावांचे प्रमाण विचलन सुमारे ९० बिग ब्लाइंड असे दाखवते. त्या आकड्याचे नेमके काय करायचे, ते मला नीट कळलेले नाही. त्याच काळात फुटबॉल आणि टेनिसवर मी ४१० पैजा लावल्या, बहुतेक सर्व १.९१ च्या भावाने (१ रुपया लावून जिंकलो तर मूळ रुपया धरून १.९१ परत) आणि प्रत्येक वेळी सारख्याच रकमेच्या. त्यांपैकी २२६ जिंकल्या. खेळासाठी वेगळे काढलेले भांडवल २,००० बिग ब्लाइंड, म्हणजे वीस बाय-इन (एका वेळी टेबलावर घेऊन बसायची रक्कम) इतके आहे, आणि घरखर्चाची सहा महिन्यांची तरतूद त्याखेरीज आहे. दिवसाला आठ तास खेळलो तर सरासरी नफ्याच्या निम्म्यात घर चालेल, असा माझा अंदाज आहे.

कायद्याची बाजू मी स्वतंत्रपणे पाहतो आहे, त्यामुळे ती इथे बाजूला ठेवावी. हा व्यवसाय म्हणून उभा राहतो का, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

संभाव्यता

आपण आकडे दिलेत हे फार बरे केलेत, कारण त्यांच्याशिवाय या प्रश्नाला कुणीही प्रामाणिक उत्तर देऊ शकत नाही. ज्या आकड्याचे काय करायचे ते कळत नाही असे आपण म्हणता, तो ९० चा आकडाच, म्हणजे नफ्यातल्या चढउताराचे माप, इथे सर्वांत महत्त्वाचा आहे.

१०० डावांचा एक गठ्ठा धरू. आपल्या नोंदीत असे ३८० गठ्ठे आहेत. गठ्ठे वाढतात तसा अपेक्षित नफा त्याच प्रमाणात वाढतो, पण नशिबाचा चढउतार मात्र गठ्ठ्यांच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो, आणि म्हणूनच पुष्कळ डाव झाल्यावर कौशल्य नशिबाच्या वर येते. ३८० चे वर्गमूळ साडेएकोणीस. ९० ला त्याने भागले की सुमारे ४.६ येतात, आणि त्याच्या साधारण दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना धरायचे असते. याचा अर्थ असा की आपला मोजलेला दर (१०० डावांमागचा नफा) ६ असला तरी खरा दर उणे ३ पासून अधिक १५ पर्यंत कुठेही असू शकतो, आणि आपल्या नोंदी यापेक्षा नेमके काही सांगू शकत नाहीत. आपण जिंकणारे खेळाडू असण्याची शक्यता अधिक आहे, हे मी मान्य करतो. पण ते सिद्ध झालेले नाही.

दुसऱ्या बाजूने पाहा. ज्यांचा खरा दर १०० डावांमागे ५ आहे असे शंभर उत्तम खेळाडू प्रत्येकी १०,००० डाव खेळले, तर त्यांतले सुमारे एकोणतीस जण शेवटी तोट्यात असतील. १,००,००० डावांनंतरही चार जण तोट्यातच असतील. खरा दर २ असेल, तर १,००,००० डावांनंतर तोट्यात असणाऱ्यांची संख्या चोवीसच्या घरात जाते. प्रत्यक्ष टेबलावर बसून खेळले तर तासाला पंचवीस ते तीस डाव होतात, म्हणजे एक लाख डावांना साडेतीन-चार हजार तास लागतात. रोज आठ तास, आठवड्याला पाच दिवस धरले तर जवळजवळ दोन वर्षे. ऑनलाइन अनेक टेबले एकदम खेळता येतात म्हणून हा काळ बराच कमी होतो, पण तिथे प्रतिस्पर्धी अधिक तयारीचे असतात आणि दरही घटतो.

आता भांडवलाकडे येतो, कारण बहुतेकांची चूक इथे होते. सगळे भांडवल बुडण्याची शक्यता काढण्याचे नेहमीचे सूत्र दर, विचलन आणि भांडवल या तीन आकड्यांवर चालते. दर ५, विचलन ९० आणि भांडवल २,००० बिग ब्लाइंड असेल, तर कधी ना कधी सगळे बुडण्याची शक्यता साधारण साडेआठ टक्के येते. हौशी खेळाडूला हा धोका चालून जाईल. आपण मात्र नफ्याचा निम्मा भाग दरमहा घरखर्चासाठी काढणार आहात. भांडवलाच्या दृष्टीने तेव्हा दर ५ राहत नाही, अडीच होतो, आणि तीच शक्यता एकोणतीस टक्क्यांवर जाते. ती पुन्हा साडेआठवर आणायची तर भांडवल दुप्पट, म्हणजे चाळीस बाय-इन हवे. सगळाच नफा घरात खर्च होऊ लागला, तर भांडवलाची सरासरी वाढ शून्य होते, आणि मर्यादित पैशाने असा खेळ अखंड खेळत राहणारा केव्हातरी संपतोच. हा प्रश्न सतराव्या शतकात पास्कल आणि हायगेन्स यांनी हाताळलेला आहे, आणि त्याचे उत्तर तेव्हापासून बदललेले नाही.

पगारदार माणसाचा घरखर्च त्याच्या उत्पन्नाला लागून चालतो. इथे उत्पन्न दोन-दोन महिने उणे असू शकते आणि घरभाडे मात्र दर महिन्याला द्यावेच लागते. त्यामुळे सहा महिन्यांची तरतूद मला फार तोकडी वाटते. किमान दीड वर्षाची असावी, आणि तिचा खेळाच्या भांडवलाशी कोणत्याही परिस्थितीत संबंध येऊ नये.

पायवाट

दोनच गोष्टी विचारतो. आपल्या ३८,००० डावांत खरोखर सगळे डाव आले आहेत का? आणि 'आठ तास' असे आपण म्हणता तेव्हा त्यात अभ्यासाचे तास धरले आहेत का?

दूरचा प्रवासी

अभ्यासाचे तास धरलेले नाहीत. आठवड्याला दहा-बारा तास तरी त्यात जातात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना मला थांबावे लागले. याच काळातले सुमारे ९,००० डाव जुन्या संगणकावर खेळलेले आहेत आणि त्यांची नोंद नव्या संगणकावर आणलेली नाही. आणायला वेळ मिळाला नाही, असे मी स्वतःला सांगत होतो. आज ती फाइल उघडली. त्यात ९०० बिग ब्लाइंडचा तोटा आहे. एकत्र धरले तर ४७,००० डावांत १,३८० बिग ब्लाइंड नफा, म्हणजे दर १०० डावांमागे ३ पेक्षाही किंचित कमी. मी मुद्दाम लपवले नव्हते, पण फाइल उघडायची टाळत होतो, हे खरे.

संभाव्यता

हे इथे स्पष्टपणे लिहिण्याला धैर्य लागते, आणि त्याबद्दल मला आपला आदर वाटतो. दर ३ धरला तर काहीही खर्च न काढताही आपले वीस बाय-इन बुडण्याची शक्यता तेवीस टक्क्यांच्या आसपास जाते, आणि निम्मा नफा काढल्यास अठ्ठेचाळीसच्या. नोकरी सोडण्याचा विचार या आकड्यांवर मुळीच करू नये.

मध्यरात्र

मी पाच वर्षे केवळ पोकरवर घर चालवले आणि नंतर थांबलो. बुडून थांबलो नाही. शेवटच्या वर्षीही नफा होता. तरीही थांबलो, त्याची कारणे आपल्याला उपयोगी पडतील असे वाटते.

पोकरमध्ये नफा कुठून येतो, हे आधी लक्षात घ्यावे लागते. घराविरुद्ध, म्हणजे खेळ चालवणाऱ्या क्लब किंवा साइटविरुद्ध, खेळायचे नसते, टेबलावरच्या इतरांविरुद्ध खेळायचे असते, आणि प्रत्येक मोठ्या पॉटमधून (डावात जमलेल्या रकमेतून) घर आपला रेक उचलत असते. सहाही जण सारखेच चांगले असतील तर रेकमुळे सहाही जण हरतात. म्हणून ज्याला यावर जगायचे आहे त्याचे खरे काम असते ते आपल्यापेक्षा कच्चे खेळाडू शोधण्याचे आणि ते असतील तिथे, असतील त्या वेळी बसण्याचे. ती वेळ म्हणजे रात्र, शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे दिवस. माझ्या घरच्यांची सुट्टी ती माझी कामाची वेळ, असे पाच वर्षे चालले.

त्यातच ही कच्च्या खेळाडूंची संख्या कायम राहत नाही. २००३ साली ख्रिस मनीमेकर हा हौशी खेळाडू ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर येऊन पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकला. त्या वर्षी स्पर्धेत ८३९ जण होते. पुढच्या वर्षी २,५७६ झाले आणि २००६ साली ८,७७३. त्या लाटेत नुसते चांगले पत्ते निवडून खेळणाऱ्यालाही चांगले पैसे मिळत. आज तशी स्थिती नाही. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रोग्रामने दोन खेळाडूंच्या नो-लिमिट होल्डेममध्ये चार नामवंत व्यावसायिकांना १,२०,००० डावांत स्पष्टपणे हरवले, आणि २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रोग्रामने सहा जणांच्या टेबलावरही तेच करून दाखवले. सर्वसाधारण खेळाडूंच्या हातीही सॉल्व्हर, म्हणजे सर्वोत्तम चाल गणिताने काढणारी सॉफ्टवेअर, आली आहेत. पूर्वी जे ज्ञान मिळवायला वर्षे लागत, ते आज मेहनती मुलगा काही महिन्यांत मिळवतो, आणि मी चाळिशीत शिरत असताना माझ्यासमोर अशी मुले रोज नव्याने येऊन बसत होती. दर कमी होत गेला तो हळूहळू. एखाद्या महिन्याच्या आकड्यांत तो दिसलाही नसता.

पैसे कुठे ठेवलेले आहेत, हाही प्रश्न आहे. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने तेव्हाच्या तीन सर्वांत मोठ्या ऑनलाइन पोकर कंपन्यांच्या चालकांवर आरोपपत्र जाहीर केले, त्या दिवसापासून अनेक खेळाडूंचे पैसे अडकले आणि त्यांतल्या काहींना ते परत मिळायला वर्षे लागली. भांडवलाचा मोठा भाग कोणत्याही एका साइटवर ठेवू नका, ही गोष्ट मी तेव्हाच शिकलो.

शेवटचे कारण सांगणे अवघड आहे. तुम्ही अचूक खेळता आणि तीन आठवडे सलग हरता. राण्यांच्या जोडीविरुद्ध एक्क्यांची जोडी हातात असतानाही पाचात साधारण एकदा हरणे हे गणितच आहे, आणि ते डोक्याला पटते. पण त्या दिवशी घरी मुलाच्या शाळेची फी भरायची असेल तर मनाला पटत नाही. मग हरलेले आजच परत मिळवावे असे वाटते, आपण नेहमीपेक्षा मोठ्या टेबलावर जाऊन बसतो आणि टिल्टमध्ये जातो, म्हणजे भावनेच्या भरात वाईट खेळू लागतो. नोकरी असताना मी वर्षातून दोनदा टिल्टमध्ये जात असे, नोकरी सोडल्यावर दर महिन्याला. माझे कौशल्य तेच होते, पण घरखर्चाचे ओझे पाठीवर असताना ते तसे वापरता येत नव्हते.

निरीक्षक

पैजांबद्दल इथे कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. पोकरपेक्षा हे क्षेत्र मी अधिक जवळून पाहिले आहे.

१.९१ च्या भावाने लावलेली पैज ना नफा ना तोटा व्हायला ५२.३६ टक्के वेळा जिंकावी लागते. आपण ४१० पैकी २२६, म्हणजे ५५ टक्के जिंकलात, आणि नफा पावणेबावीस पैजांइतका झाला. हे चांगले दिसते. परंतु ज्याच्याकडे काहीच विशेष ज्ञान नाही आणि जो नेमका ना-नफा-ना-तोटा पातळीवर आहे, अशा शंभर जणांपैकी तेरा-चौदा जणांच्या वहीत ४१० पैजांनंतर एवढे किंवा याहून चांगले आकडे केवळ योगायोगाने दिसतील. आपला खरा दर ५४ टक्के आहे असे उदारपणे धरले, तरी प्रत्येक पैजेवर नफा सुमारे तीन टक्के, आणि अशा हजार पैजांनंतरही तोट्यात असण्याची शक्यता पंधरा टक्के उरते. त्या हजारांत कधीतरी सलग आठ पैजा हरणे अगदी स्वाभाविक आहे.

निकाल इतक्या सावकाश बोलतात, म्हणून जाणकार निकालांपेक्षा बंद होतानाच्या भावाकडे पाहतात. सामना सुरू होण्याच्या क्षणी जो भाव असतो, त्यात संघाची निवड, दुखापती, हवामान आणि मोठ्या रकमा लावणाऱ्यांचे मत, असे सगळे सामावलेले असते. आपण २.१० ला घेतलेला भाव शेवटी २.०० वर येतो, असे सातत्याने घडत असेल, तर दोन-तीनशे पैजांतही आपल्याला काहीतरी कळते असे म्हणता येते. जिंकूनही भाव आपल्या विरुद्ध सरकत असेल, तर ते नशीब समजावे.

किती लावावे यासाठी बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली यांनी १९५६ साली मांडलेले सूत्र आजही वापरले जाते. ५४ टक्के आणि १.९१ या आकड्यांना ते भांडवलाच्या साडेतीन टक्के सांगते. मात्र आपला ५४ हा आकडाच अंदाज आहे आणि तो चुकून जास्त धरला गेला तर हेच सूत्र नुकसान वाढवते, म्हणून अनुभवी लोक त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी लावतात. निम्मे लावल्याने वाढीचा वेग साधारण चतुर्थांशाने कमी होतो, पण चढउतार निम्मे होतात. एकाच चिठ्ठीवर अनेक सामने जोडणाऱ्या पैजांपासून तर पूर्ण दूर राहावे. प्रत्येक सामन्यावर घराचा, म्हणजे पैज घेणाऱ्या कंपनीचा, साडेचार टक्के फायदा असेल, तर पाच सामने जोडल्यावर तो वीस टक्क्यांच्या वर जातो.

आणि आता खरी अडचण. पोकरच्या टेबलावर जिंकणाऱ्याला कुणी उठवत नाही, पण पैजा घेणाऱ्या कंपन्या जिंकणाऱ्या ग्राहकाची मर्यादा खाली आणतात. माझ्या दोन खात्यांवर वर्षभरात ही वेळ आली. आधी हवी तेवढी रक्कम घेत होते, नंतर तिचा विसावा भागही घेईनात. कोणतेही कारण दिले नाही आणि नियमांप्रमाणे त्यांना ते द्यावे लागतही नव्हते. जिथे ग्राहक एकमेकांविरुद्ध पैज लावतात त्या एक्स्चेंजवर असे सहसा होत नाही, पण तिथे जिंकलेल्या रकमेवर कमिशन जाते आणि छोट्या सामन्यांवर समोर घ्यायला कुणी नसते. तुमचे ज्ञान खरे असेल तर ते वापरायची जागाच कमी होत जाते, याचा हिशेब उत्पन्नाच्या अंदाजात कुणीच धरत नाही.

सावली

मी स्वतः खेळत नाही. माझ्या पतीने तीन वर्षे हे केले. वरचे हिशेब वाचताना मला त्या जुन्या संगणकातल्या फाइलपाशी थांबावे लागले, कारण आमच्याकडे तशाच तीन वह्या होत्या आणि मला त्यांतली एकच दाखवली जात असे. ते खोटे बोलणारे गृहस्थ नाहीत. आधी त्यांनी स्वतःलाच दोन वह्या दाखवायचे बंद केले होते, आणि मग मला.

अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात घातला, हे मला पुढे समुपदेशकांकडून कळले. लक्षणे ऐकताना, म्हणजे गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा बसणे, रक्कम वाढवत नेणे, घरच्यांपासून आकडे लपवणे, उसने घेणे, हे सगळे मला आमच्या घरात दिसत होते आणि मी त्याला 'कामाचा ताण' म्हणत होते. कौशल्य असलेल्या माणसाला हा विकार होत नाही असे अजिबात नाही. उलट कौशल्य खरे असल्यामुळे थांबण्याचे कारण त्याला अधिक उशिरा सापडते.

तुम्हाला तसे झाले आहे असे मी म्हणत नाही. पण तुमच्या घरच्यांनी दोन्ही फाइली पाहिल्या आहेत का?

दूरचा प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. सावलीताई, पाहिल्या नव्हत्या. काल रात्री दोन्ही फाइली आणि पैजांची वही पत्नीसमोर ठेवली. ती रागावली नाही. तिने फक्त विचारले की ही दुसरी फाइल किती दिवसांपासून आहे. त्याचे उत्तर देणे मला जड गेले.

नोकरी सोडत नाही. ६०,००० डाव आणखी खेळून, सर्व नोंदी एकाच ठिकाणी ठेवून, मग पुन्हा पाहीन. त्या काळात भांडवलातून घरात काही आणायचे नाही आणि घरातून भांडवलात काही घालायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. पैजांची रक्कम निम्म्यावर आणली आहे.

निरीक्षक, एक शंका आहे. बंद होतानाचा भाव नोंदवताना त्यात घराचा फायदा मिसळलेला असतो. मग तुलना कशी करायची?

निरीक्षक

तो आधी काढून टाकायचा. समजा आपण एका बाजूला १.९१ ला पैज लावली आणि बंद होताना त्या बाजूचा भाव १.८० आणि विरुद्ध बाजूचा २.०२ आहे. १ ला दोन्हींनी भागले की ५५.५६ आणि ४९.५० टक्के येतात, बेरीज १०५.०६. आपल्या बाजूचे ५५.५६ या बेरजेने भागले की ५२.८८ टक्के, ही बाजाराच्या मते खरी शक्यता. तिला १.९१ ने गुणले की १.०१ येते, म्हणजे या पैजेत आपला एक टक्क्याचा फायदा होता. १.९१ वरून १.८० पर्यंत भाव आला हे दिसायला मोठे वाटते, पण प्रत्यक्षात हाती एवढेच येते. प्रत्येक पैजेसमोर हा एक आकडा लिहा, आणि भाव घेताना जिथे सर्वांत मोठ्या रकमा स्वीकारल्या जातात आणि घराचा फायदा सर्वांत कमी असतो त्या बाजारातला घ्या. जिथे पैज लावली तिथलाच असायला हवा असे नाही.